रिपोर्टात पास, बसवताना नापास: बेअरिंग हाऊसिंगच्या लॉटचं काय करू?

अर्धवट_आरेखन
मंडळी, फसलोय. एका छोट्या यंत्रासाठी ॲल्युमिनियमचं बेअरिंग हाऊसिंग बाहेरून बनवून घेतलं. ३०० नग, मटेरियल ६०६१, वरून ५० मायक्रॉन (०.०५० मिमी) काळं हार्ड ॲनोडायझिंग. आत ६२०५ बेअरिंग बसतं, म्हणजे बाहेरचा व्यास ५२ मिमी. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, ५२ एच७ (मापातल्या मुभेचा वर्ग) दिलं होतं. त्याच सप्लायरकडून स्टीलचे ३०० शाफ्टही केले.

माल परवा आला. पहिलं बेअरिंग बोअरच्या तोंडाशी टेकवलं आणि ते तिथंच थांबलं. दुसऱ्या नगाला तेच, तिसऱ्याला तेच. चार बेअरिंगं हॅन्ड प्रेसवर दाबून बसवली. बसली, पण आता बोटाने फिरवली तर जड लागतात, मधासारखी.

सप्लायरने रिपोर्ट पुढे केला. ५० नग तपासलेत, सगळे ५२.०१२ ते ५२.०२४ च्या मध्ये. माझं व्हर्निअर ५१.९६ नाहीतर ५१.९८ दाखवतं. तो म्हणतो व्हर्निअर फेकून द्या.

दुसरं दुखणं: शाफ्टांच्या पेटीत वरच्या थरातल्या चाळीसेक नगांवर गंज. माल कंटेनरने आला, ऑर्डर सीआयएफवर (किमतीतच जहाजाचं भाडं आणि विमा). सप्लायर म्हणतो, जहाजावर चढला की माझा संबंध संपला. अरे, भाडं तू भरलंस, विमा तू काढलास, मग नुकसान माझं कसं?

हातोडी
प्रेसवर कशाला दाबता? हाऊसिंग गरम करा, बेअरिंग टपकन आत पडेल. आम्ही नेहमी तेच करतो.

दीड_सूत
@हातोडी, पडेल की. आणि थंड झालं की आवळेल. गरम केल्याने बसवणं सोपं होतं, फिट बदलत नाही. ६२०५ च्या नॉर्मल क्लिअरन्सच्या बेअरिंगमध्ये आतली मोकळीक ५ ते २० मायक्रॉन असते. बाहेरची रिंग आवळली की ती मोकळीक खाल्ली जाते. मधासारखं फिरतंय ते म्हणूनच. ती चार बेअरिंगं चालवू नका, तापून जातील.

मायक्रॉन_मावशी
धागाकर्त्याला पहिल्यांदा हे सांगते: व्हर्निअर फेकू नकोस. एच७ मध्ये ५२ च्या बोअरला मुभा ० ते +०.०३० इतकीच. तुझ्या व्हर्निअरचा लघुत्तम अंक ०.०२. त्याने एच७ पास-नापास ठरवायला जाणं म्हणजे कुऱ्हाडीने नखं काढणं. पण दोघांच्या मापात फरक पडतोय तो ५० मायक्रॉनच्या आसपास, आणि दर नगाला एकाच बाजूला. जबडा तिरका धरला तर आतलं माप कमी येतं हे खरं, पण प्रत्येक वेळी तितकंच तिरकं कोणी धरत नाही. तुझ्या व्हर्निअरला काहीतरी दिसलंय.

आता मला सांग:
रिपोर्टवर तारीख कोणती आहे? ॲनोडायझिंगला माल गेला ती तारीख कोणती?
बोअर कशाने मोजलं, आणि ते कशावर सेट केलं होतं?
ड्रॉइंगवर "मापं कोटिंगनंतरची" असं कुठे लिहिलंयस का?

मापन कक्षात २६ वर्षं काढली. "रिपोर्ट बरोबर आहे आणि माल चुकीचा आहे" असं दिसलं की मी आधी तारीख बघते.

चिप_वेचणारा
रुमाल टाकून ठेवतो.

अर्धवट_आरेखन
मावशी, आत्ता बघितलं. रिपोर्ट ११ तारखेचा. ॲनोडायझिंगचं चलन १४ चं. बोअर डायल बोअर गेजने मोजलंय, सेटिंग रिंगवर सेट करून. आणि ड्रॉइंगवर... कोपऱ्यात फक्त "काळं हार्ड ॲनोडाइज, ५० मायक्रॉन" एवढंच आहे. आधी-नंतर काही नाही.

पण एक कळलं नाही. ॲनोडायझिंग म्हणजे रंगासारखा वरचा थर ना? ५० मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी चढला तर बोअर १०० ने कमी व्हायला हवं होतं. माझं तर ५० नेच कमी दिसतंय.

काळी_टाकी
मी कोटिंगवाला, म्हणून या प्रश्नाचं उत्तर माझं.

ॲनोडायझिंग हा वरून चढवलेला थर नसतो. टाकीत ॲल्युमिनियमचा पृष्ठभागच ऑक्साइड होतो. हार्ड ॲनोडायझिंगमध्ये साधारण अर्धा थर मूळ पृष्ठाच्या आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनचा थर म्हणजे २५ आत, २५ बाहेर. बोअरला दोन भिंती, म्हणून व्यास ५० ने कमी. साध्या, सजावटीच्या ॲनोडायझिंगला बाहेरची वाढ एक तृतीयांशाच्या आसपास धरतात, आणि थरही पातळ असतो.

रिपोर्टातल्या मापांतून ५० वजा करा. ५२.०१२ चं झालं ५१.९६२, ५२.०२४ चं झालं ५१.९७४. आता व्हर्निअर बघा. हुबेहूब.

झिंक प्लेटिंगवाल्यांनीही नोंद घ्या. ६० अंशांच्या आट्यावर प्लेटिंगची जाडी जितकी, त्याच्या चौपट पिच व्यास बदलतो. ८ मायक्रॉन चढवलं की ३२ मायक्रॉन. "नट जात नाही" म्हणून आमच्याकडे परत येणाऱ्या अर्ध्या पेट्यांमागे हा चारचा पाढा असतो.

दीड_सूत
आणि बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२.००० ते ५१.९८७. म्हणजे कमीत कमी १३, जास्तीत जास्त ३८ मायक्रॉन आवळ. कोडं सुटलं.

हातोडी
मग सोपं आहे. कॉस्टिकमध्ये बुडवून ॲनोडायझिंग उतरवा, बोअर मूळ मापावर येईल. मग बोअर झाकून बाकीचं पुन्हा काळं करा.

काळी_टाकी
थांबा!! हे कोणी करू नका. मूळ मापावर येणार नाही. आत गेलेले २५ मायक्रॉन हे ॲल्युमिनियमच होतं, त्याचं ऑक्साइड झालंय. थर उतरवला की तेही जातं. बोअर मूळ मापापेक्षा ५० ने मोठं होईल, म्हणजे ५२.०६२ ते ५२.०७४. एच७ ची वरची हद्द ५२.०३०. आज बेअरिंग आत जात नाही, उद्या आत जाऊन गरगर फिरेल. घट्ट जॉब वाचवता येतो, सैल झालेल्याचं काय करणार?

हातोडी
बरं झालं विचारलं. मागच्या वर्षी आम्ही उतरवलेला एक लॉट आता वेगळ्या नजरेने आठवतोय.

मायक्रॉन_मावशी
होनिंग कर, म्हणजे बोअर आतून घासून किंचित मोठं कर. डायमंड स्टोनने, कारण हार्ड ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, साधा स्टोन त्यावर नुसता घसरेल. ५२.००५ ते ५२.०२० लक्ष्य धर. बाजूला ३० मायक्रॉनच्या आतच काढावं लागेल, म्हणजे २० मायक्रॉनपेक्षा जास्त थर शिल्लक राहील, धातू उघडा पडणार नाही. आधी पाच नग करून बघ. आणि त्या होनिंगवाल्याला ५० मायक्रॉन थराचा रिपोर्ट मागून घेऊन दे. थर प्रत्यक्षात ३० चाच असेल तर हिशेब बदलतो.

सेटिंगवाला
इतका वेळ गप्प होतो, पण सप्लायरची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. मी त्याच बाजूला उभा असतो.

ड्रॉइंगवर ५२ एच७. मशीनवाल्याने ५२ एच७ दिलं. कोटिंगवाल्याला सांगितलं ५० मायक्रॉन, त्याने ५० दिलं. यात चोर कोण? एएसएमई वाय१४.५ या ड्रॉइंगच्या मानकात स्पष्ट आहे की प्लेटिंग किंवा कोटिंग असेल तर मापं आधीची की नंतरची हे ड्रॉइंगने सांगितलंच पाहिजे. ते सांगितलेलं नाही.

आणखी एक. धागाकर्ते, तुमचं ड्रॉइंग न बघता पैज लावतो: बाहेरच्या कडेलाही ±०.०५ असेल, जिला हवेशिवाय काहीच लागत नाही.

अर्धवट_आरेखन
...±०.०२ आहे. सगळ्यांना. सॉफ्टवेअरमध्ये तेच डीफॉल्ट होतं.

सेटिंगवाला
घ्या. कव्हरच्या स्क्रूच्या भोकालाही ±०.०२? तिथे ५ चा स्क्रू ५.५ च्या भोकातून जातो, अर्धा मिमी मोकळीक आहे!

जिथं काही बसत नाही, सरकत नाही, टेकत नाही तिथं आयएसओ २७६८ चा 'एम' वर्ग पुरतो. ६ ते ३० मिमी मापाला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३. एवढी मोकळीक दिलीत की आम्ही एका सेटिंगमध्ये जॉब उरकतो. सगळीकडे ±०.०२ लिहिलं की दोनच गोष्टी होतात. एकतर सप्लायर प्रत्येक माप गंभीरपणे घेतो आणि भाव तिप्पट लावतो. नाहीतर तो मनात म्हणतो "यांना स्वतःलाच माहीत नाही काय हवंय", आणि खरं महत्त्वाचं बोअरही त्याच नजरेने बघतो. दुसरं जास्त वेळा होतं. मीही केलंय.

मायक्रॉन_मावशी
+१. फक्त माझं एक खुसपट. टायटल ब्लॉकमध्ये अजून बरेच जण "२७६८-एमके" लिहितात. त्यातला 'के' दुसऱ्या भागातला, आकार आणि स्थितीच्या सर्वसाधारण टॉलरन्सचा. तो भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आलं. पहिला भाग, म्हणजे 'एम', वापरात आहे.

आणि सप्लायरला पूर्ण सोडू नका हो. ५० मायक्रॉन कोटिंग आणि ३० मायक्रॉन मुभेचं बोअर एकाच कागदावर दिसल्यावर फोन उचलून "हे आधी की नंतर?" एवढं विचारायला काय लागतं? ज्याला ॲनोडायझिंग रोजचं आहे त्याला हे दिसायला हवं होतं. अंतिम तपासणी कोटिंगआधी करून तिला "फायनल इन्स्पेक्शन" म्हणणं हे तर मला पटतच नाही.

सेटिंगवाला
ते मान्य. फायनल म्हणजे पेटीत जायच्या आधीचं.

चिप_वेचणारा
एक बाळबोध प्रश्न. ३०० मधले ५० च का तपासले? सगळे तपासले असते तर सापडलं असतं ना?

मायक्रॉन_मावशी
नसतं सापडलं. ११ तारखेला ३०० पैकी ३०० मोजले असते तरी रिपोर्ट हाच आला असता, फक्त सहापट लांब.

५० कुठून आले ते सांगते. आयएसओ २८५९-१ चा तक्ता आहे. २८१ ते ५०० चा लॉट, सर्वसाधारण पातळी दोन, की अक्षर 'एच' येतं आणि नमुना ५० चा. एक्यूएल (स्वीकारार्ह गुणवत्ता पातळी) १.० ठरला असेल तर एक खराब निघाला तरी लॉट पास, दोन निघाले की नापास. आता लोक याचा अर्थ "एक टक्का खराब माल चालेल" असा लावतात. तसं नाही. मोठ्या मालिकेत प्रक्रिया किती बरी चालली आहे याचा तो निकष आहे. तुमच्या हातात आलेल्या खराब नगाला त्याने परवाना मिळत नाही. ऑर्डरवर "सापडलेला प्रत्येक सदोष नग बदलून मिळेल" हे वेगळं लिहायचं.

अशा बोअरला मी तक्ता काढतच नाही. गो/नो-गो प्लग गेज घ्यायचं. ५२.००० चं टोक हलक्या हाताने आत गेलं पाहिजे, ५२.०३० चं जाता कामा नये. ३०० नग एका दुपारचं काम. गेज तळहातात धरून बसू नका, कापडाने धरा.

ऊब किती खेळ करते ते बघा. मापनाचं संदर्भ तापमान २० अंश, आयएसओ १ मध्ये तेच आहे. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील ११.५. दुपारी ३२ अंशांच्या शेडमध्ये स्टीलच्या रिंगवर गेज सेट करून ५२ चं ॲल्युमिनियमचं बोअर मोजलंत तर नुसत्या या फरकाने ७ मायक्रॉन जास्त दिसतं. ३० मधले ७! आमच्याकडे जॉब आदल्या रात्री ग्रॅनाइटवर आणून ठेवायचे, सकाळी हात लावायचे. नवीन पोरं वैतागायची. मशीनवरून उतरलेला गरम जॉब पास करून द्यायचा आणि सकाळी तोच नापास, असं एकदा झालं की मग शहाणी व्हायची.

अर्धवट_आरेखन
सगळ्यांचे आभार. उद्या पाच नग होनिंगला देतोय. पण गंजलेल्या शाफ्टांचं कोणीतरी बोला ना.

बंदरावरची
आले. फॉरवर्डिंगमध्ये आहे. वाईट बातमी आधी देते.

सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण धोका निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढला की तुमच्याकडे येतो. पैसे एका ठिकाणापर्यंत त्याचे, धोका दुसऱ्या ठिकाणापासून तुमचा. सीएफआर, सीपीटी आणि सीआयपी या दुसऱ्या अटींतही खर्च आणि धोका असेच वेगळे होतात, आणि तुमच्यासारखे बहुतेक जण इथेच अडकतात. डीएपीत धोका मुक्कामापर्यंत विकणाऱ्याचा असतो.

विमा त्याने काढला असेल, पण इन्कोटर्म्स २०२० (या सगळ्या अटींची आंतरराष्ट्रीय नियमावली) प्रमाणे सीआयएफला त्याने किमान 'सी' कलमाचा काढला की त्याचं काम झालं. 'सी' म्हणजे आग, जहाज बुडणं, टक्कर, असली मोठी संकटं. ओलाव्याने गंज त्यात नाही. सीआयपीत मात्र २०२० पासून 'ए' कलमाचा, सर्व जोखमींचा विमा लागतो. दोन्हीकडे रक्कम मालाच्या किमतीच्या किमान ११० टक्के.

मुळात कंटेनरला सीआयएफ आणि एफओबी वापरूच नयेत. माल आपण यार्डात सोपवतो, जहाजावर चढताना तिथे कोणी बघायला नसतं. त्यासाठीच एफसीए आणि सीआयपी आहेत.

आता मला गंज दाखवा. म्हणजे वर्णन करा. कुठे आहे, आकार कसा आहे?

अर्धवट_आरेखन
काहींवर वरून ओघळ आल्यासारखे पट्टे. पण बारा-तेरा शाफ्टांवर वेगळंच. मधोमध लंबगोल डाग, तीन-चार ओळीने, आणि मागच्या बाजूला एक. भिंगातून बघितलं तर त्यात बारीक रेषा आहेत.

दीड_सूत
तो हात आहे! चार बोटं आणि अंगठा.

बंदरावरची
आणि इथे तुमचा सप्लायर अडकला.

ओघळ म्हणजे कंटेनरमधला पाऊस. दिवसा आतली हवा तापते, रात्री छत गार पडतं, ओलावा छताला धरतो आणि खाली ठिबकतो. तो प्रवासातला, त्यावर सीआयएफ तुमच्या विरोधात जातं. पण बोटांचे ठसे जहाजावर कोणी उमटवले नाहीत. पेटी बंद होती. म्हणजे तेल पुसल्यावर घामट हाताने कोणीतरी शाफ्ट उचलून पेटीत ठेवले. हा दोष माल जहाजावर चढायच्या आधीचा. तो धोक्याच्या रेषेच्या त्यांच्या बाजूला पडतो.

त्यापलीकडे, प्रवासाला साजेसं पॅकिंग करणं हे इन्कोटर्म्समध्ये विकणाऱ्याचंच काम आहे. पॅकिंग कशात होतं?

अर्धवट_आरेखन
पुठ्ठ्याच्या नळ्या, वर पातळ प्लॅस्टिक, नुसतं दुमडलेलं. पेटी लाकडी, तिच्यावर एचटीचा शिक्का आहे म्हणून मी निर्धास्त होतो.

बंदरावरची
एचटीचा शिक्का कीड मारल्याचा. आयएसपीएम १५ प्रमाणे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. त्याने लाकूड वाळतंच असं नाही. ओल्या लाकडाची पेटी आणि ओलावा शोषणारा पुठ्ठा, मध्ये उघडं स्टील! पुढच्या वेळी गंजरोधक तेल किंवा व्हीसीआय पिशवी (गंज रोखणारी वाफ सोडणारी), आणि ती पिशवी बंद केलेली. उघडी व्हीसीआय पिशवी म्हणजे झाकण नसलेली अत्तराची बाटली. आत शोषक पुड्या, आणि पॅक करणाऱ्याच्या हातात मोजे.

ताबडतोब करायचं: जहाज कंपनीला लेखी कळवा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीला समुद्री वाहतुकीच्या हेग-विस्बी नियमांत माल घेतल्यापासून ३ दिवस असतात. उशीर झाला म्हणजे दावा बुडाला असं नाही, पण मग माल नीट मिळाला असं धरलं जातं आणि उलटं सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. विमान असतं तर मॉन्ट्रियल करारात १४ दिवस. परवा आलाय म्हणालात ना? मग इथे टाइप करणं थांबवा.

आणि ते शाफ्ट पुसू नका. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

हातोडी
मी आत्ता "पॉलिश पेपरने निघेल" असं लिहिणार होतो.

अर्धवट_आरेखन
*(नऊ दिवसांनी)*
खबरबात देतो. पाच नगांचं होनिंग झालं, ५२.००८ ते ५२.०१५. बेअरिंग अंगठ्याने सरकतं आणि फिरताना आवाज नाही. थर आधी एडी करंट गेजने मोजून घेतला होता, ४७ ते ५२ आला. उरलेले २९१ आज गेले. प्रेसवर दाबलेले चार वेगळे ठेवलेत, त्यांची बेअरिंगं काढून टाकतोय.

होनिंगचा खर्च सप्लायरशी अर्धा-अर्धा ठरला. त्याने आधी नाही म्हटलं. दोन्ही तारखा एका ओळीत लिहून पाठवल्यावर फोन आला. ठशांचे तेरा शाफ्ट तो बदलून देतोय, ओघळांचे माझ्या गळ्यात. त्यांतले बरेच ग्राइंडिंगने निघतील असं दिसतंय. जहाज कंपनीला पत्र तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं, जेमतेम.

नवीन ड्रॉइंगवर हे टाकलंय, बघा बरं:
"सर्व मापं व टॉलरन्स कोटिंगनंतरच्या स्थितीत, २० अंश सेल्सिअसला. बोअर ५२ एच७: १०० टक्के प्लग गेजने, पेटीत भरण्यापूर्वी, रिपोर्टवर तारीख आवश्यक. टॉलरन्स न दिलेली मापं आयएसओ २७६८-एम. थ्रीडी फाइल आणि ड्रॉइंग यांत तफावत असल्यास ड्रॉइंग ग्राह्य."
आणि ऑर्डरवर सीआयपी, पुढे मुक्कामाच्या ठिकाणाचं पूर्ण नाव.

मायक्रॉन_मावशी
छान. ±०.०२ किती उरलेत?

अर्धवट_आरेखन
एकही नाही. बोअरचा एच७ आणि खांद्याची लंबता, बस.

सेटिंगवाला
असं ड्रॉइंग आलं तर मी भाव कमी लावतो. खरंच.

दीड_सूत
सगळं ठीक, पण कोपऱ्यात प्रोजेक्शनचं, म्हणजे बाजूची दृश्यं कुठल्या पद्धतीने मांडलीत त्याचं, चिन्हच नाही. फर्स्ट अँगल की थर्ड? ग्रीस निपलचं भोक डावीकडे आहे की उजवीकडे, ते मला या चित्रावरून सांगता येईना.

अर्धवट_आरेखन
उजवीकडे.

थांबा, बघून सांगतो.